आपलं विमान पलीकडून आहे

मुंबईत विमानतळ एका वेळी किमान दोन असतात आणि आपण नेमके दुसऱ्यावर जाऊन उभे राहतो. हा नियम आजचा नाही. मोबाइल आणि वेब चेक-इन येण्याच्या फार आधीपासून तो लागू आहे. आणि तो घालून दिला तो तीन तास आधी घरातून निघणाऱ्या घाबरट प्रवाशांनी नव्हे, तर चांगल्या शिकल्यासवरल्या वैमानिकांनी.

15 जुलै 1953 ला ब्रिटिशांच्या बीओएसी कंपनीचं कॉमेट विमान सांताक्रूझला यायला निघालं आणि जुहूला उतरलं. कॉमेट म्हणजे त्या काळातलं मोठं प्रस्थ, जगातलं पहिलं प्रवासी जेट. उतरलं कुठे, तर जुहूच्या तोकड्या पट्टीवर. कोणाचं काही बिघडलं नाही, पण ते तिथून पुन्हा उडवून बाहेर काढेपर्यंत नऊ दिवस गेले. नऊ दिवस मुक्काम जुहूला म्हणजे मंडळींनी भेळ खाल्ली असणारच, पण तशी नोंद नाही.

यातून कोणी काही शिकलं असेल म्हणावं, तर 24 सप्टेंबर 1972 ला जपान एअरलाइन्सचं डीसी-8 त्याच वाटेने त्याच जागी आलं. जपानी माणूस वेळेचा पक्का. हाही पोचला, फक्त जुहूला. या वेळी पट्टी आधी संपली आणि विमान पुढे गेलं. माणसं वाचली, विमान मात्र कामातून गेलं.

म्हणून आमचे मेहुणे सहारच्या टर्मिनलवर उभे राहून ‘इथे तर आपलं विमानच दिसत नाही’ असा फोन करतात, तेव्हा आम्ही त्यांना एका शब्दानेही दुखावत नाही. त्यांच्या मागे फार तर ताई आणि दोन बॅगा असतात. जपानी कॅप्टनच्या मागे अख्खं विमान होतं.

जुहूचा विमानतळ 1928 चा. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन इथे उतरले, एवढं आपण शाळेत वाचलेलं असतं. शाळेत न सांगितलेला भाग पुढे आहे. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं. तेव्हा टाटांनी चंबूगबाळं आवरलं आणि पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्याला हलवला, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर. म्हणजे मुंबईचं विमान चार महिने पुण्याहून! ही गोष्ट पुणेकरांनी अजून पाटी लावून जाहीर कशी केली नाही, याचं आम्हाला नवल वाटतं.

पुढे नियतीने हिशेब चुकता केला. अमेरिकेला निघालेला पुणेकर आजही संध्याकाळी लवकर जेवून मुंबईच्या गाडीत बसतो. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची; नागरी विमानं तिथे पाहुणी, आणि पाहुण्याने किती वाजता यावं-जावं हे यजमान ठरवतो. ही व्यवस्था पुणेकराला निदान ओळखीची तरी वाटायला हवी. तिथल्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन मार्च 2024 मध्ये झालं आणि ते वापरात आलं जुलैत. मधले चार महिने पुणेकरांनी ते बाहेरून पाहिलं आणि सूचना केल्या.

असो. सांताक्रूझकडे वळू. नाव सांताक्रूझ, पत्ता विलेपार्ल्याचा. पार्लेकरांनी हा अन्याय पोटात घातला आहे असं समजू नका. विषय काढून बघा. पुढे पूर्वेला सहारचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल आलं आणि मुंबईकराच्या डोक्यात वाटणी पक्की झाली. सांताक्रूझ म्हणजे दिल्ली-बंगलोर, सहार म्हणजे परदेश. ‘काल रात्री सहारला गेलो होतो’ एवढं म्हटलं की ऐकणारा ओळखायचा: कोणीतरी गेलं, आईने डोळे पुसले, आणि घरी यायला पहाटेचे चार वाजले.

सहारला एकट्याने जायची पद्धत नव्हती. जाणारा एक, पोचवायला येणारे जीपभर. त्यात एक काका असे असायचे की ज्यांना विमानाची संपूर्ण माहिती असायची, कारण ते स्वतः कधी बसलेले नसत. कुठल्या रांगेत उभं राहायचं, खिडकी कशी मागायची, वर गेल्यावर कानात कापूस घालायचा की गोळी चघळायची, सगळं त्यांना ठाऊक. बाहेरच्या रेलिंगला टेकून ते ‘बघ, आता तो काउंटरला गेला’ असं धावतं वर्णन करायचे. आत कोण गेलंय हे काचेतून दिसत नसे, पण काका थांबत नसत.

आणि आत्या असायची. आत्या ओटी भरायला यायची. तिच्या पिशवीत तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि खोबऱ्याची वाटी. आता गंमत ऐका. सुकं खोबरं हा विमान वाहतुकीच्या दृष्टीने धोकादायक माल आहे. चेष्टा नाही. जागतिक यादीत त्याला स्वतःचा क्रमांक आहे, यूएन 1363, आणि तो आहे आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांच्या वर्गात. ज्या पदार्थावाचून आपलं वाटण होत नाही, चटणी होत नाही आणि गणपतीच्या खिरापतीला अर्थ राहत नाही, तो जगाच्या लेखी स्फोटकांच्या शेजारच्या पानावर आहे! आत्याला हे पटत नाही. तपासणीच्या यंत्रापाशी जवानाने ‘इसमें क्या है?’ म्हणून विचारलं की ती त्याला मसाल्याची कृती सांगायला लागते, आणि मागच्या रांगेतल्या दोघी ती लिहून घेतात.

सहारची दुसरी मौज म्हणजे मध्यरात्र. युरोप-अमेरिकेची बरीच विमानं रात्री बारानंतर सुटतात. तिकिटावर 12 तारीख आणि वेळ 1:40 असेल, तर घरून निघायचं 11 तारखेच्या रात्री. हे गणित चौथीच्या मुलाला येतं, पण पासपोर्ट हातात आला की भल्याभल्यांना येत नाही. 12 तारखेला रात्री सगळं गोत घेऊन पोचलेल्या माणसाला काउंटरवरची मुलगी अतिशय गोड आवाजात सांगते की आपलं विमान काल गेलं. विमान चुकणं आपण समजू शकतो. पण आपण घरात बसून वरण-भात खात असताना ते चुकून गेलेलं असतं, हे पचायला वेळ लागतो.

तरीसुद्धा, सांताक्रूझ देशी आणि सहार परदेशी, या वाटणीवर मुंबई तीन दशकं सुखाने नांदली. सांताक्रूझच्या आत 1ए, 1बी आणि 1सी असे पोटभेद होते आणि तिथेही माणसं चुकत, पण ती किरकोळ चूक. बॅग ओढत थोडं पळालं की भागायचं. खरा घोटाळा 2014 मध्ये झाला. 10 जानेवारीला पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते सहारच्या नव्या टर्मिनलचं, म्हणजे टी-2 चं, उद्घाटन झालं, 12 फेब्रुवारीपासून तिथून विमानं सुटू लागली, आणि पाठोपाठ देशांतर्गत कंपन्याही एकेक करून तिकडे बिऱ्हाड हलवू लागल्या. आता परदेश म्हणजे टी-2 हे खरं, पण टी-2 म्हणजे परदेश हे खरं नाही. एअर इंडियाने नागपूरला जायचं तरी टी-2. अकासा आणि स्पाइसजेट टी-1, म्हणजे जुनं सांताक्रूझ. इंडिगोचं बिऱ्हाड दोन्हीकडे.

टॅक्सीवाले मात्र अजून जुन्या घटनेनुसार चालतात. ‘डोमेस्टिक या इंटरनॅशनल?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. तुम्ही नागपूरला निघालेले, म्हणून प्रामाणिकपणे म्हणता ‘डोमेस्टिक’. तुमचं उत्तर शंभर टक्के बरोबर असतं आणि तुम्ही शंभर टक्के चुकीच्या दाराशी उतरता. खऱ्याची दुनिया राहिली नाही म्हणतात ती ही.

चुकल्यावर कळतं की हे दोन्ही एकाच मैदानाचे दोन काठ आहेत. टी-1 च्या बाजूने पाहिलं तर पलीकडे टी-2 दिसतं, आपलं विमानही कदाचित दिसतं, पण मध्ये धावपट्ट्या. चालत जायची सोय नाही; भोवतालच्या रस्त्याने वळसा घालायचा, आणि तो रस्ता मुंबईतला असल्यामुळे किती वेळ लागेल हे कोणी छातीठोक सांगत नाही. हल्ली भुयारी मेट्रो झाली आहे. टी-2 ला बसायचं, सहार रोड जाऊ द्यायचं, पुढच्या टी-1 ला उतरायचं. एका विमानतळाच्या दोन दारांमध्ये एक वेगळं स्टेशन लागतं, हे परगावच्या पाहुण्याला सांगताना आमचा ऊर अभिमानाने भरून येतो.

धावपट्ट्याही दोन आहेत. पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. चाळीत नळ दोन, पाणी एकाला. तरी त्या एका नळावर किती घागरी भराव्यात? 11 नोव्हेंबर 2023 या एका दिवसात मुंबईत 1,032 विमानांची ये-जा झाली. दर 84 सेकंदांना एक. दिवाळी होती, गर्दी होती, मान्य. पण आमच्या सोसायटीची लिफ्टसुद्धा एवढ्या वेळा वर-खाली होत नाही. या पट्ट्यांच्या डागडुजीसाठी पावसाळ्याच्या आधी एक दिवस आणि नंतर एक दिवस सहा तास विमानतळ बंद ठेवतात, सकाळी 11 ते संध्याकाळी 5. त्या दिवशी कुर्ल्या-घाटकोपरच्या लोकांना एकमेकांचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं आणि जुनी भांडणं निघतात, असं म्हणतात.

जागेच्या या टंचाईची झळ बसते ती छोट्या गावांना. उतरण्या-उडण्याच्या वेळेला इथे स्लॉट म्हणतात, आणि मुंबईत स्लॉट मिळणं हे गिरगावात भाड्याची खोली मिळण्याइतकंच अवघड. कोल्हापूर-नाशिकला विमानतळ होता, धावपट्टी होती, प्रवासी होते, हार घेऊन पालकमंत्री होते. मुंबईत मोक्याच्या वेळी उतरायला जागा नव्हती. मिळाली तर भर दुपारी. दुपारी मुंबईत पोचून कोल्हापूरकराने मंत्रालयात काय करायचं? जेवणाची सुट्टी संपायची वाट बघायची.

वर आकाशातही रांगच. पट्टी मोकळी होईपर्यंत विमान घिरट्या घालत राहतं. अशा वेळी खाली दिसतंय ते वसई की अलिबाग यावर दोन अनोळखी प्रवाशांत जो वाद होतो, त्याला तोड नाही. दोघेही ठाम असतात. ढग आले की वाद अधिक रंगतो.

टी-2 ची इमारत सुंदर आहे, याबद्दल दुमत नको. मोरपिसाऱ्यावरून सुचलेले पांढरे खांब, छतातून झिरपणारा उजेड, आणि ‘जय हे’ नावाचं मैलभर पसरलेलं कलासंग्रहालय. राजीव सेठींनी देशभरातून जमवलेल्या हजारो वस्तू भिंतींवर मांडल्या आहेत. जगात इतर ठिकाणी लोक तिकीट काढून संग्रहालयात जातात आणि फुरसतीने फिरतात. इथे लोक तिकीट काढून संग्रहालयातून पळत जातात. शेकडो वर्षांपूर्वीच्या लाकडी देवड्यांसमोरून हातात पट्टा, तोंडात बोर्डिंग पास आणि एका पायात बूट अशा अवस्थेत धावणारा गृहस्थ आम्ही पाहिला आहे. कलेकडे पाठ फिरवून नव्हे, जाता जाता तिच्याकडे बघत, ‘पुढच्या वेळी’ असं पुटपुटत तो गेला. शिवाय या विमानतळावर आता सारख्या घोषणा करत नाहीत, शांतता पाळतात. ज्या शहरात शांतता कुठेच नाही, तिथे ती नेमकी आपल्या विमानाचं दार बदलल्याचं सांगायच्या वेळी पाळली जाते.

विमान कंपन्यांबद्दल काय बोलावं? आमचे एक काका काळ मोजायला पंचांगाऐवजी बंद पडलेल्या कंपन्या वापरतात. थोरलीचं लग्न दमानियाच्या वेळी, घराचा ताबा सहाराच्या वेळी, बायपास किंगफिशर होती तेव्हा. डेक्कनने रुपयात तिकीट काढलं तेव्हा त्यांना गरज नसताना ते हैदराबादला जाऊन आले. 17 एप्रिल 2019 ला जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं, त्या रात्री ते जेवले नाहीत. त्यांचे मैल शिल्लक होते. 2023 मध्ये गो फर्स्ट गेली तेव्हा मात्र त्यांनी फक्त मान हलवली आणि डायरीत नोंद केली.

आता कनेक्शन. परदेशातून येऊन नागपूर-गोव्याकडे जाणाऱ्याला वाटतं की बॅग आपोआप पुढे जाईल. जात नाही. भारतात पहिल्यांदा जिथे उतराल तिथे ती पट्ट्यावरून स्वतः उचलायची, कस्टमपुढून न्यायची आणि पुन्हा द्यायची. पुढचं विमान पलीकडच्या टर्मिनलवरून असेल तर तीच बॅग घेऊन मैदानाला प्रदक्षिणा. न्यू जर्सीहून निघालेला नागपूरकर सोळा तास अटलांटिक आणि निम्मं जग ओलांडताना थकत नाही. थकतो तो सहार आणि सांताक्रूझच्या दरम्यान.

खरं तर नागपूरकराला कनेक्शन कोणी शिकवू नये. 1949 मध्ये सुरू झालेली रात्रीची हवाई टपालसेवा आठवा, किंवा घरातल्या थोरल्यांना विचारा. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी रात्री चार विमानं निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, पिशव्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत सगळी आपापल्या घरी. एक शहर, एक विमानतळ, एक दार. संगणक नाही, ॲप नाही, टर्मिनल कुठलं हा प्रश्नच नाही. संत्र्यांपलीकडे नागपूरने देशाला काय दिलं असं विचारणाऱ्या मुंबईकराला हे ऐकवावं, आणि तो सहारला बॅगेची वाट बघत असताना ऐकवावं.

गोव्याने मुंबईचा कित्ता गिरवला आहे. 5 जानेवारी 2023 पासून पेडण्यातल्या मोपाहून विमानं सुटू लागली आणि नौदलाच्या आवारातलं दाबोळीही चालूच राहिलं. एक राज्याच्या उत्तर टोकाला, दुसरं वास्कोजवळ. तिकिटावर दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स. फरक शेवटच्या अक्षराचा, टॅक्सीच्या भाड्यात तो नीट कळतो. सावंतवाडी-दोडामार्गची मंडळी मात्र मोपावर खूश. त्यांना गोव्याचा हा विमानतळ गोवेकरांपेक्षा जवळ पडतो, आणि ही गोष्ट ते मडगावच्या पाहुण्यांना मुद्दाम सांगतात.

आणि एवढ्याने मुंबईचं भागेना. नवी मुंबईच्या विमानतळाची कल्पना पुढे आली 1997 मध्ये. पायाभरणी फेब्रुवारी 2018 मध्ये. उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला, आणि प्रवासी विमानं 25 डिसेंबर 2025 पासून. मधल्या काळात उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि त्या भागात ‘विमानतळापासून दहा मिनिटांवर’ अशा जाहिराती वाचून घर घेतलेल्यांची मुलं कॉलेजात गेली. त्यांना आता खरोखर दहा मिनिटं लागतात. मराठी माणसाने धीर धरला तर काय होऊ शकतं, याचं हे उदाहरण.

नव्या विमानतळाने नात्यांचा नकाशाच बदलला. आजवर पहाटेच्या विमानासाठी आदल्या रात्री अंधेरीच्या मावशीकडे झोपायला जाणारे पुणेकर आता पनवेलच्या मावसभावाची चौकशी करू लागले आहेत. द्रुतगती मार्ग संपला की विमानतळ, म्हणजे पुणेकराच्या दृष्टीने मुंबईत न जाता मुंबईचं विमान मिळण्याची सोय. दादर-गिरगावच्या लोकांनी अटल सेतूवरून जायचं. मोटारीचा टोल एका बाजूने 250 रुपये. पोचवायला येणाऱ्यांना परतीचाही भरावा लागतो, त्यामुळे ‘स्टेशनवर सोडतो रे’ म्हणणाऱ्यांची संख्या वाढेल असा आमचा अंदाज आहे.

तिकिटाच्या संकेतस्थळावर ‘मुंबई’ लिहिलं की आता बीओएम आणि एनएमआय असे दोन पर्याय समोर येतात. शहराचं नाव 1995 ला बदललं तरी बीओएम तसंच आहे. त्याने गोंधळू नका. जे स्वस्त दिसेल त्यावर बोट ठेवण्याआधी ते खाडीच्या कुठल्या बाजूला आहे ते बघा. जाताना बीओएम आणि येताना एनएमआय असं तिकीट काढून, मोटार मात्र सहारच्या वाहनतळात ठेवून जाणारे हुशार लोक आमच्या ओळखीत तयार होत आहेत.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. तिकिटावर विमानाच्या क्रमांकाजवळ विमानतळाची तीन अक्षरं आणि टर्मिनल बारीक टाइपात छापलेलं असतं. ते आदल्या दिवशी चष्मा लावून वाचा. मध्यरात्रीनंतरचं विमान असेल तर तारीख दोनदा वाचा. टॅक्सीत ‘डोमेस्टिक’ हा शब्द उच्चारू नका, टी-1 की टी-2 ते सांगा. आणायला कोणाला बोलावलं असेल तर त्यालाही तेच कळवा. आणि खोबरं घरीच ठेवा.